बटाट्याला थंड रात्री लागतात : परसबागेतल्या बटाट्याविषयी वाचकांचे प्रश्न

दसरा तोंडावर आला की बटाट्याच्या लावणीविषयी पत्रं येऊ लागतात. सोयाबीन निघून अंगणातला आणि वावराच्या कडेचा तुकडा मोकळा होण्याचा हाच काळ असतो. यंदा आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं मराठवाड्याच्या हवेला आणि मातीला धरून दिली आहेत.

गेल्या वर्षी डिसेंबरच्या मध्यावर दहा बाय चार फुटांच्या वाफ्यात बटाटा लावला. पाला इतका माजला की वाफा दिसेना. मार्चमध्ये खणलं तर सुपारीएवढे, लिंबाएवढे बटाटे निघाले. शेणखत भरपूर होतं, युरियाही दोनदा दिला. कोणतं खत कमी पडलं?
— सेलू

खत कमी पडलं नाही, थंडी कमी पडली. बटाटा म्हणजे मूळ नव्हे. झाडाच्या खोडातून जमिनीखाली पांढऱ्या दोऱ्यांसारख्या फांद्या निघतात, त्यांचा शेंडा फुगतो तो बटाटा. रात्रीचं तापमान 15 ते 20 अंशांच्या आसपास असलं की पानांत तयार झालेलं अन्न या शेंड्यांकडे वळतं. रात्र 20-22 अंशांच्या वर गेली की कंद धरणं मंदावतं आणि कंदाभोवतीची माती 30 अंशांपर्यंत तापली की जवळजवळ थांबतं. मग तेच अन्न पाल्यात जातं. त्यात दोनदा युरिया दिल्याने पाला आणखी पोसला.

लावणीनंतर साधारण 30 ते 40 दिवसांनी कंद धरतो आणि पुढचे 40-50 दिवस फुगतो. हे फुगण्याचे दिवस डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत बसवायचे, एवढ्यावरच आपल्याकडचं बटाट्याचं गणित उभं आहे. तुमची लावणी डिसेंबरच्या मध्याची, म्हणजे कंद धरला जानेवारीच्या अखेरीस आणि फुगायची वेळ आली ती फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात.

मराठवाड्यात 20 ऑक्टोबर ते 15 नोव्हेंबर हा लावणीचा काळ धरावा. सप्टेंबरअखेरची घाई नको. परतीचा पाऊस आणि ऑक्टोबरचं ऊन यांत बेणं जमिनीतच सडतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला लावलेल्या बटाट्याला मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येच्या सणापर्यंत मातीची भर देऊन झालेली असते, कंद पोसायला लागलेला असतो आणि जानेवारीच्या शेवटी ते फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात काढणी होते. नोव्हेंबर संपला असेल तर त्या वर्षी वाफ्यात मेथी, पालक लावा, बटाटा पुढच्या वर्षी.

वाणही कमी दिवसांचा हवा. कुफरी पुखराज आणि कुफरी चंद्रमुखी 80-90 दिवसांत तयार होतात. कुफरी लवकर हा महाराष्ट्राच्या पठारी भागासाठी दिलेला वाण आहे, कुफरी सूर्या उष्णता सहन करतो. कुफरी ज्योती चांगला, पण त्याला जास्त दिवस लागतात, म्हणून तो ऑक्टोबरमध्येच लावायला हवा.

बाजारातून आणलेले बटाटे बेण्यासाठी ठेवले. काहींना महिनाभर कोंबच आला नाही. ज्यांना आला ते कापून लावले तर निम्मे मातीत सडले. असं का?
— उदगीर

कोंब न येण्याची दोन कारणं असतात. काढल्यानंतर बटाटा साधारण दोन महिने झोपेत असतो, या काळात त्याला कोंब येत नाही. दसऱ्याच्या सुमारास बाजारात पुणे जिल्ह्यातला खरिपाचा नवा बटाटा येतो. त्याची साल अंगठ्याने चोळली तरी निघते. तो नोव्हेंबरमध्ये उगवायला तयार नसतो. दुसरा बटाटा शीतगृहातला, उत्तरेकडून आलेला. त्याची झोप संपलेली असते, पण खाण्याच्या बटाट्याला शीतगृहात पुष्कळदा कोंब रोखणारं औषध दिलेलं असतं. अशा बटाट्याचा कोंब येतच नाही किंवा आला तरी खुरटा राहतो.

म्हणून बेणं म्हणूनच विकला जाणारा बटाटा घ्या. आपल्याकडे तो बहुधा पंजाबातून, जालंधर भागातून येतो आणि 50 किलोच्या गोणीत असतो. गल्लीतल्या पंचवीस-तीस घरांनी मिळून एक गोणी घेणं सोयीचं पडतं. दहा बाय चार फुटांच्या वाफ्याला पावणेदोन किलो बेणं पुरतं. घरचाच बटाटा वर्षानुवर्षं बेण्याला ठेवू नये. मावा ही कीड पानं मुरडणारे विषाणूरोग पसरवते, ते कंदातून पुढच्या पिकात येतात आणि दर वर्षी बटाटा लहान होत जातो.

लावणीच्या दोन आठवडे आधी बेणं अंड्यांच्या ट्रेमध्ये एका थरात, डोळे वर करून, उजेडाच्या पण ऊन न लागणाऱ्या जागी ठेवा. कोंब एक ते दीड सेंटिमीटरचा, जाड आणि हिरवट-जांभळा झाला की बेणं तयार. अंधारात ठेवलेल्या बटाट्याला लांब, पांढरा, पोकळ कोंब येतो आणि लावताना तो मोडतो.

सडण्याचं कारण ओला काप. ऑक्टोबरमध्ये आपली जमीन अजून ऊबदार असते आणि ताज्या कापातून कूज लगेच शिरते. कोंबडीच्या अंड्याएवढा, 30 ते 50 ग्रॅमचा अख्खा बटाटा मिळाला तर कापूच नका. मोठा कापावाच लागला तर आडवा नको, शेंड्याकडून देठाकडे उभा कापा. डोळ्यांची गर्दी शेंड्याकडे असते, उभ्या कापाने ते दोन्ही फोडींना मिळतात. प्रत्येक फोडीला दोन-तीन डोळे हवेत. विळी किंवा सुरी दर बटाट्यानंतर गॅसच्या ज्योतीवरून फिरवा, कारण एका रोगट बटाट्याचा रस सगळ्या बेण्याला लागतो. फोडी एक लिटर पाण्यात अडीच ग्रॅम मॅन्कोझेब हे बुरशीनाशक मिसळून त्या द्रावणात दहा मिनिटं बुडवून सावलीत, गोणपाटावर दोन-तीन दिवस पसरा. कापावर कोरडी, बुचासारखी खपली धरली की मगच लावा. कापावर राख चोळण्याची जुनी रीत आहे, पण ओल्या कापाला राख लावून लगेच लावण्यापेक्षा तो नुसता वाळवलेला बरा.

आमची माती काळी, भारी. भिजली की चिकटते, सुकली की भेगाळते. बटाटे वेडेवाकडे निघतात, पुष्कळांना अळी असते. एका शेजाऱ्याने तलावातला गाळ टाकायला सांगितलं आहे. टाकावा का?
— वसमत

गाळ टाकू नका. कापूस-सोयाबीनच्या हलक्या, मुरमाड रानाला तलावाचा गाळ चांगला, पण तो काळ्या मातीपेक्षाही बारीक आणि चिकट असतो. बटाट्याला हवी मोकळी, हवा खेळणारी माती. दोन-चार घमेली वाळूनेही काळी माती सुधारत नाही. तिला मोकळं करतं ते कुजलेलं सेंद्रिय खत.

सगळा वाफा बदलायची गरज नाही, फक्त वरंबा बदला. वाफ्यात दीड फुटाच्या अंतराने तीन ओळी आखा. माती वाफशावर असताना, म्हणजे मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि टाकल्यावर फुटावा अशी असताना, एक फूट खोल खणून ढेकळं फोडा. चिखलात खणलेल्या काळ्या मातीची विटेसारखी ढेकळं होतात आणि त्यांच्यामध्ये वाढणारा बटाटा चेपला जातो. मग निम्मी घरची माती, पाव भाग चाळलेली तांबडी किंवा नदीकाठची पोयट्याची माती आणि पाव भाग शेणखत किंवा गांडूळखत मिसळून वीत-सव्वा वीत उंचीचे वरंबे करा. पाणी सरीतून द्या, वरंबा डोक्यावरून भिजवू नका.

शेणखत वर्षभर कुजलेलंच हवं. अर्धवट कुजलेल्या उकिरड्यातून हुमणी येते आणि ती बटाट्याला मोठमोठी भोकं पाडते. टाकण्याआधी खत पसरून पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या वेचून काढा. या मापाच्या वाफ्याला दहा किलो शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड लागते. रासायनिक खत देणार असाल तर लावणीच्या वेळी 180 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट, 70 ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश आणि 45 ग्रॅम युरिया द्या. ते बेण्याच्या खाली दोन बोटं मातीचा थर ठेवून पडलं पाहिजे, थेट कोंबाला लागलं तर कोंब जळतो. आणखी 45 ग्रॅम युरिया भर देताना द्यायचा. त्यानंतर युरिया बंद.

बेणं चार बोटं खोल, कोंब वर करून, वीतभर अंतरावर लावा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हलकं आंबवणीचं पाणी द्या. पुढे सहा ते आठ दिवसांनी, वरची दोन बोटं माती सुकली की पाणी. झाडं वीतभर झाली की, साधारण महिन्याने, खोडाचा खालचा निम्मा भाग झाकेल अशी मातीची भर द्या आणि दोन आठवड्यांनी पुन्हा थोडी. जमिनीखालच्या फांदीचा मातीबाहेर आलेला शेंडा बटाटा न होता हिरवी फांदी होतो, म्हणून भर चुकवायची नाही.

वेडेवाकडे बटाटे, त्यांना फुटलेली बोंडं, उभ्या चिरा, मधली पोकळी ही सगळी ओढूनताणून दिलेल्या पाण्याची लक्षणं आहेत. माती सुकली की कंदाची वाढ थांबते. मग एकदम भरपूर पाणी मिळालं की तो पुन्हा वाढू लागतो, पण सगळीकडून सारखा नाही. भर दिल्यापासून लावणीच्या सत्तराव्या दिवसापर्यंत हा चढउतार होऊ देऊ नका.

अळीही भेगांतूनच येते. बटाट्याचा बारीक करडा पतंग उघड्या पडलेल्या कंदाच्या डोळ्यांपाशी अंडी घालतो आणि काळ्या मातीच्या भेगा त्याला आयती वाट देतात. वरंब्यावर सोयाबीनच्या भुसकटाचा किंवा उसाच्या पाचटाचा चार बोटं थर द्या. माती भेगाळत नाही, पतंगाला वाट मिळत नाही आणि दुपारच्या उन्हातही कंदाजवळची माती थंड राहते. मराठवाड्यात या थराला आम्ही खताच्याही आधी महत्त्व देतो. फक्त थर कोरडा ठणठणीत राहू देऊ नका, नाहीतर वाळवी लागते.

गच्चीवर गोणीत बटाटा लावायचा आहे. गोणी भरत जावी तसे थरावर थर बटाटे लागतात असं ऐकलं. आर ओ यंत्राचं वाया जाणारं पाणी वापरलं तर चालेल का?
— छत्रपती संभाजीनगर

थरावर थर लागत नाहीत. आपल्याकडचे 80-90 दिवसांचे वाण बेण्याच्या आसपास आणि त्याच्या थोडं वर, एकाच पट्ट्यात कंद धरतात. एक-दोनदा भर दिली की पुरे. माणसाच्या उंचीएवढी गोणी भरली तरी वरच्या भागात मातीच निघते. उलट, कोवळी पानं वारंवार पुरली गेल्याने झाडाची ताकद जाते.

40 सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच उंच पिशवी घ्या, खाली बोटाएवढी सात-आठ भोकं पाडा. आधी निम्मी भरा, दोन किंवा फार तर तीन बेणी ठेवा, वर चार बोटं माती द्या आणि झाड वाढेल तशी उरलेली पिशवी भरत न्या. मिश्रणात माती, शेणखत आणि कोकोपीट समान भाग असावेत. काळी पिशवी नको. गच्चीवर तिच्या कडेची माती तापते आणि कडेच्या कंदांची वाढ तिथेच अडते. पांढरी पिशवी घ्या किंवा काळीला गोणपाट गुंडाळा. ती थेट फरशीवर न ठेवता विटांवर ठेवा. सकाळपासून दुपारपर्यंतचं सहा तास ऊन भरपूर झालं, मावळतीचं टाळता आलं तर उत्तम.

आर ओचं वाया जाणारं पाणी बटाट्याला देऊ नका. बोअरच्या पाण्यातले क्षार त्यात आणखी दाट झालेले असतात. पिशवीतून ते निचरत नाहीत, साठत जातात. पानांच्या कडा करपणं आणि मातीवर पांढरा पापुद्रा येणं या त्याच्या खुणा. बोअरचंच पाणी असेल तर तीन आठवड्यांतून एकदा नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी पिशवीच्या तळातून वाहून जाईल इतकं द्या. एका झाडाला पाव किलो बटाटा निघाला तर पीक चांगलं म्हणायचं.

झाडाला फुलं आली आहेत. खुडावीत का? काही झाडांना छोट्या टोमॅटोसारखी हिरवी फळंही लागली आहेत.
— देगलूर

फुलं खुडली, न खुडली तरी कंदात फारसा फरक पडत नाही. फळं मात्र लगेच तोडून पुरून टाका, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर. ती विषारी असतात.

खालच्या पानांवर तपकिरी ठिपके पडले आहेत. दोन झाडं मात्र हिरवीगार असतानाच दुपारी माना टाकून बसली आणि दोन दिवसांत गेली. एकच रोग आहे का?
— अंबाजोगाई

दोन वेगळे आहेत. ठिपक्यांत गोल-गोल वलयं दिसत असतील तर तो लवकर येणारा करपा. तो खालच्या, जून पानांपासून सुरू होतो आणि भुकेल्या किंवा पाण्याची ओढ बसलेल्या झाडांवर जास्त येतो. रोगट पानं खुडून वाफ्याबाहेर टाका, पाणी पानांवर उडू देऊ नका. ठिपके वरच्या पानांकडे सरकत असतील तर लिटरला अडीच ग्रॅम मॅन्कोझेब फवारा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा. तोंडाला रुमाल आणि हातात मोजे हवेतच. ढगाळ, धुक्याच्या हवेत पानांच्या कडेला पाण्यात भिजल्यासारखे काळपट डाग आले आणि पानाखाली पांढरी बुरशी दिसली, तर तो उशिरा येणारा करपा. आपल्या कोरड्या हिवाळ्यात तो क्वचित येतो, पण आला तर चार-पाच दिवसांत वाफा बसवतो, तेव्हा त्याच दिवशी फवारा.

माना टाकलेली झाडं मर रोगाची वाटतात. मेलेल्या झाडाचं खोड जमिनीलगत कापून तुकडा स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात उभा धरा. थोड्या वेळात कापातून दुधासारखे धागे खाली उतरले तर तो जिवाणूजन्य मर रोग. त्याला औषध नाही. झाड मुळासकट, भोवतीच्या मातीसह उपटून बागेबाहेर टाका, खुरपं धुऊन घ्या आणि त्या जागी तीन वर्षं बटाटा, टोमॅटो, वांगी, मिरची यांपैकी काहीही लावू नका. ही चारही एकाच कुळातली आहेत आणि रोग एकमेकांना देतात. मका, ज्वारी, कांदा चालेल.

खोड जमिनीलगत कुरतडून झाड आडवं पडलेलं असेल तर तो रोग नव्हे. कुरतडणारी अळी शेजारच्याच मातीत बोटभर खोल सापडते, सकाळी उकरून वेचा. माव्यासाठी पाच टक्के निंबोळी अर्क आठवड्याच्या अंतराने दोनदा पुरतो.

बटाट्याच्या सालीवर खरखरीत खवले येतात. चुलीची राख दर वर्षी टाकतो, तरी जात नाही.
— अंबड

राखेनेच ते वाढतं. हा खवड्या रोग, मातीतल्या जिवाणूंमुळे होतो आणि चुनखडीच्या, विम्ल (अल्कधर्मी) जमिनीत फोफावतो. आपली काळी माती आधीच विम्ल असते, राख तिला आणखी तिकडे ढकलते. राख बंद करा, ताजं शेण बंद करा आणि कंद धरण्याच्या काळात, म्हणजे लावणीच्या चौथ्या ते आठव्या आठवड्यात, माती सुकू देऊ नका. सालीवरचे खवले काढून बटाटा खायला हरकत नाही, पण बेण्याला तो वापरू नका.

बटाटे निघाले की होळीपर्यंतही टिकत नाहीत. काही हिरवे पडतात, काही मधून काळे होतात. फ्रिजमध्ये ठेवले तर तळताना काळपट होतात. साठवायचे कसे?
— माजलगाव

टिकणं काढणीपूर्वीच ठरतं. खालची पानं पिवळी पडू लागली की पाणी तोडा. त्यानंतर पाला जमिनीलगत कापून दहा-बारा दिवस बटाटे मातीतच राहू द्या, म्हणजे साल पक्की होते. एक बटाटा काढून अंगठ्याने चोळा. साल सुटली नाही तर काढणी करा. पण फेब्रुवारीच्या मध्यानंतर मातीत ठेवून वाट पाहू नका, तापलेल्या मातीत पतंगाची अळी कंदांत शिरते.

खणणं सकाळी, कुदळीऐवजी खुरप्याने किंवा काट्याने, झाडापासून वीतभर लांबून. बटाटे उन्हात पसरू नका आणि धुऊ नका. सावलीत आठ-दहा दिवस गोणपाटाखाली ठेवले की बारीक खरचटी भरून येतात. कापलेले, टोचलेले, डोळ्यापाशी काळी विष्ठा दिसणारे वेगळे काढून आधी संपवा. असा एक बटाटा टोपली नासवतो.

हिरवा रंग उजेडाने येतो आणि त्याच्यासोबत सोलॅनिन हे विषारी द्रव्यही वाढतं. ते शिजवून जात नाही. थोडा हिरवा भाग जाड कापून टाकता येतो, बराचसा हिरवा झालेला किंवा कडवट लागणारा बटाटा टाकून द्या. मधला काळेपणा हवा न मिळाल्याने येतो. तापलेल्या खोलीत प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा उंच ढिगात कोंडलेल्या बटाट्याच्या गाभ्याला श्वास पुरत नाही. फ्रिजमध्ये पिष्टाची साखर होते आणि तीच कढईत करपते, म्हणून तळायचे बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नयेत.

घरातली सर्वांत थंड, अंधारी, हवेशीर जागा निवडा. बांबूच्या टोपलीत किंवा विटांवर ठेवलेल्या फळीवर दोन-तीन थरांपेक्षा जास्त नको. खाली आणि वर कडुनिंबाच्या किंवा घाणेरीच्या सुक्या पाल्याचा बोट-दीड बोट थर द्या, पतंग लांब राहतो. कांदे शेजारी ठेवू नका, बटाट्याच्या ओलाव्याने ते लवकर कुजतात. दर आठवड्याला टोपली उपसून पाहा. एवढं केलं तरी आपल्या उन्हात महिना-दीड महिन्यापुढे घरचा बटाटा नीट राहत नाही, म्हणून पाडव्याच्या आत संपेल एवढाच लावा. चार-पाच माणसांच्या घराला दहा बाय चारचा एक वाफा त्या बेताने बरोबर पडतो. त्यातून सात ते दहा किलो बटाटा निघतो.